नसल्याचा पुरावा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पेशी, प्रथिने आणि डीएनए यांवर लेख लिहावा, हे विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. त्यांनी चुका दाखवाव्यात. मी आनंदाने सुधारीन. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलेली नाही. डिचोली तालुक्यातील सर्वण या आमच्या गावी, आमच्याच ओसरीवर, तो एका तपासणी-अहवालाच्या रूपाने येऊन बसला, आणि घरातील कोणीतरी तो समजून घेणे भाग होते.

माझ्या धाकट्या काकांना त्रेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. काढलेल्या गाठीवर डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करावयास सांगितली. तिच्या अहवालात एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ अशी चार नावे होती आणि खाली एकच वाक्य होते : अंतर्गत नियंत्रण रंगले नसल्याने निष्कर्ष देता येत नाही, तपासणी पुन्हा करावी.

बाबा संतापले. "पैसे घेतले, पंधरा दिवस ताटकळत ठेवले, आणि वर सांगतात की सांगता येत नाही!" घरातील सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आज मला वाटते की त्या कागदावरील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच होते. ते तसे का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

रोजकीर्दीतून खतावणीत

आपण वाणिज्याचे विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतो की व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहायचा आणि मग तो खतावणीत उतरवायचा. उतरवताना चुका होतात. ५४ चे ४५ होतात, एखादे शून्य गळते. म्हणून तेरीज मांडायची, आणि तेवढ्यावर न थांबता हिशेब तपासनिसाकडून वह्या तपासून घ्यायच्या.

पेशीचेही असेच आहे. मानवी डीएनएच्या एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात आणि आईकडून एक व वडिलांकडून एक असे दोन संच बहुतेक प्रत्येक पेशीत असतात. पेशी दुभंगण्यापूर्वी हे सहा अब्ज अक्षरांचे बाड नव्याने उतरवावे लागते. उतरवणारे विकर साधारण एक लाख अक्षरांमागे एक चूक करते. त्याला स्वतःचे लिखाण लगेच तपासून खोडण्याची सवय आहे. त्यामुळे चुकीचे प्रमाण कोटीत एक इतके खाली येते. पण सहा अब्जांच्या बाडात कोटीला एक म्हणजेही सहाशे चुका झाल्या! येथे स्वतंत्र तपासनीस लागतो. तो काम करून गेला की चूक अब्जात एक किंवा त्याहूनही कमी उरते.

या तपासनिसाच्या कामाला जोडचूक-दुरुस्ती म्हणता येईल. डीएनएच्या दोन धाग्यांवरील समोरासमोरची अक्षरे जुळत नसतील, तर ती जागा हुडकून दुरुस्त करणे हे ते काम. काकांच्या अहवालातील चार नावे या खात्यातील कारकुनांची आहेत आणि ते जोडीने काम करतात. एमएसएच२ व एमएसएच६ ही जोडी धाग्यावरून सरकत चूक शोधते. एमएलएच१ व पीएमएस२ ही जोडी तेथे येऊन नव्या धाग्याला छेद देते. मग चुकीचा तुकडा काढून टाकला जातो आणि ती जागा पुन्हा भरली जाते. दुरुस्ती नव्याच धाग्याची व्हायला हवी, हे येथे महत्त्वाचे. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे न ओळखणारा तपासनीस रोजकीर्दच खोडून ठेवील! अमेरिकेतील पॉल मॉड्रिच यांनी ही यंत्रणा आधी जिवाणूंत आणि मग मानवी पेशींत उलगडली. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टोमास लिंडाल आणि अझीझ संजार यांच्यासह मिळाले.

हे खाते बंद पडले तर पेशी लगेच मरत नाही. ती चुका साठवीत जगते. एकच अक्षर ओळीने अनेकदा आले असेल तेथे विशेष घोटाळा होतो. दहा शून्ये उतरवताना नऊ किंवा अकरा लिहिली जावीत तसा. अशा हजारो चुकांपैकी काही चुका पेशीची वाढ रोखणाऱ्या जनुकांत पडल्या की कर्करोगाची वाट मोकळी होते.

प्रतिपिंड आणि प्रतिकाय

हा कारकून पेशीत हजर आहे की नाही, हे कसे पाहायचे? प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही एकटे प्रथिन दिसत नाही. त्याला ओळखणारा कोणीतरी पाठवावा लागतो. तो म्हणजे प्रतिपिंड.

हा शब्द मी घरी उच्चारला तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. आजारी भावाच्या संदर्भात 'पिंड' हा शब्द कानावर पडणे त्यांना सोसवले नाही. माझी आई धारवाडकडची आहे. तिला मी कन्नड शब्द सांगितला : प्रतिकाय. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे समोर उभा राहणारा देह." पिंड म्हणजे देह, काय म्हणजेही देहच. दोन भाषांतील दोन शब्द एकाच अर्थाशी येऊन मिळाले आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कन्नड शब्दच रूढ झाला. या लेखात मात्र मराठी विभागाची मर्यादा पाळते.

शरीरात परके काही शिरले की पांढऱ्या पेशींचा एक वर्ग इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिने तयार करतो. त्या वायच्या दोन टोकांना एका विशिष्ट आकारालाच चिकटण्याची खोबण असते. मानवी एमएसएच२ प्रथिन ९३४ घटकांची साखळी आहे. तिचा थोडा भाग उंदराला टोचला, तर उंदराचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवते. पण उंदीर किती दिवस जगणार? १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा संकर केला. ही संकरित पेशी अखंड वाढते आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड देत राहते. या शोधासाठी १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासह वैद्यकाचे नोबेल मिळाले. शरीरात माजणाऱ्या पेशीचा हट्टीपणाच येथे माणसाच्या कामी आला.

माझ्याच खोलीत राहणारी आणि याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारी एक मैत्रीण जैवतंत्रज्ञान शिकते. तिने मला प्रयोगशाळेच्या शीतपेटीतील एक नळी दाखवली. उंदरापासून मिळवलेले, मानवी एमएसएच२ ओळखणारे प्रतिपिंड. १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. वेष्टनावर ठळक अक्षरांत सूचना होती : केवळ संशोधनासाठी, निदानासाठी वापरू नये. दोन थेंबांचे बिल पाहून माझ्यातील वाणिज्याची विद्यार्थिनी दचकली. पण बिलापेक्षा ती सूचना डोक्यात राहिली. औषध नव्हे, विष नव्हे, मग एवढी ताकीद कशासाठी?

साक्षीदाराची उलटतपासणी

उत्तर असे की प्रतिपिंड हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार चुकू शकतो. एमएसएच२ ला चिकटण्यासाठी बनवलेले प्रतिपिंड त्याच्यासारखाच तुकडा असलेल्या दुसऱ्या प्रथिनालाही चिकटू शकते. जुने होऊन किंवा वारंवार गोठून-वितळून ते निकामीही होते. पहिला साक्षीदार नको त्याला ओळखतो, दुसरा कोणालाच ओळखत नाही. म्हणून संशोधक त्याची आधी परीक्षा घेतात.

एक परीक्षा अशी : पेशींतील सारी प्रथिने एका जेलीच्या पट्टीतून विजेच्या साहाय्याने पळवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती एका पातळ पडद्यावर उतरवून त्यावर प्रतिपिंड सोडतात. एमएसएच२ चे वजन सुमारे १०५ किलोडाल्टन आहे. खूण तेवढ्याच उंचीवर उमटली पाहिजे. आणि शेजारी दोन रांगा हव्यात : एक एमएसएच२ नक्की असलेल्या पेशींची, दुसरी ते नक्की नसलेल्या पेशींची. असलेल्यांसाठी हेला नावाच्या पेशी चालतात. नसलेल्यांसाठी लोव्हो नावाच्या पेशी आहेत. त्या आतड्याच्या कर्करोगातूनच वाढवलेल्या असून त्यांत एमएसएच२ नसते. हेलाच्या रांगेत खूण आणि लोव्होच्या रांगेत कोरी जागा, असे दिसले तरच साक्षीदार निदान या परीक्षेत उतरला. पहिली रांग सांगते की त्याला दिसते. दुसरी सांगते की तो नसते ते पाहत नाही.

हेला पेशींच्या कथेला एक मराठी पदर आहे. त्या १९५१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत, हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतून, तिची संमती न घेता वाढवल्या गेल्या. याच गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकण्यासाठी गेलेल्या एक संशोधिका म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांनी एम.एस्‌सी. ला सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी कर्करोगावर पीएच.डी. मिळवली. परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सुचवणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ते केंद्र आज टाटा स्मारक केंद्राचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघर येथे आहे.

परीक्षा न घेता साक्ष मानली तर काय होते, याचा हिशेबही झालेला आहे. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्युकथुन यांनी शंभरावर शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी लिहिले की निकृष्ट प्रतिपिंडांपायी जगात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असावेत. हे झाले संशोधनातील नुकसान. रुग्णाच्या बाबतीत नुकसान पैशांत मोजता येणार नाही. म्हणूनच ती ताकीद! निदानाला वापरावयाचे प्रतिपिंड आणखी कडक चाचण्यांतून जावे लागते. आणि तरीही, प्रत्येक काचपट्टीवर त्याची परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

काकांची काचपट्टी

आता आमच्या अहवालाकडे वळू. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रोमीटर जाडीचे काप काढून काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांना जखडली जातात. गोंदाने चिकटलेली पाने वाफेवर सुटी करावीत, तशी ती उष्णतेने मोकळी करतात. मग प्रतिपिंड सोडतात. त्याच्या पाठीवर बसणारे दुसरे प्रतिपिंड विकर घेऊन येते आणि ते विकर एका रसायनाला तपकिरी रंग आणते. शेवटी सर्व केंद्रकांना फिका निळा रंग देतात. दुरुस्तीचे प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी दिसते, नसेल तर निळेच राहते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या तपासणीत रोगाची खूण म्हणजे रंग नसणे. आणि रंग न येण्याची कारणे दोन असू शकतात. प्रथिन खरोखर नाही, हे एक. तुकडा नीट मुरला नाही किंवा रंगवण्याच्या कामात कोठेतरी बिघाड झाला, हे दुसरे. निळे केंद्रक पाहून ही दोन कारणे वेगळी कशी करायची?

याचे उत्तर त्याच कापात असते. गाठीच्या आजूबाजूला आतड्याच्या निरोगी पेशी आणि पांढऱ्या पेशी असतात. त्यांत ही चारही प्रथिने असतात. दोष जन्मजात असला तरीही असतात, कारण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. वारसाने एक प्रत बिघडलेली आली तरी दुसरी काम करते. ती दुसरी प्रतही ज्या पेशीत निकामी होते, त्या पेशीतून प्रथिन नाहीसे होते आणि गाठीची सुरुवात तेथून होऊ शकते. म्हणून शेजारच्या पेशी तपकिरी आणि गाठीच्या पेशी निळ्या, असे चित्र दिसले तरच 'नाही' म्हणता येते. या शेजाऱ्यांनाच अंतर्गत नियंत्रण म्हणतात.

काकांच्या पहिल्या काचपट्टीवर शेजारीही निळेच राहिले होते. साक्षीदाराला समोर उभा असलेला ओळखीचा माणूसही दिसला नव्हता. अशा वेळी 'गाठीत प्रथिने नाहीत' असे लिहिणे सोपे होते. कोणाच्या लक्षातही आले नसते. आम्हांला उत्तर मिळाले असते आणि ते निराधार असते. हजेरीच्या वेळी वीज गेली म्हणून अख्खा वर्ग गैरहजर मांडण्यासारखाच तो प्रकार!

दुसऱ्या वेळी शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने घेतलेला लहान तुकडा वापरला. लहान तुकड्यात फॉर्मॅलिन लवकर आणि नीट पोचते. या वेळी शेजारच्या पेशी स्वच्छ तपकिरी झाल्या. गाठीच्या पेशींत एमएलएच१ आणि पीएमएस२ हजर होते. एमएसएच२ आणि एमएसएच६ नव्हते. हे दोघे एकदम नसणे ठीकच होते, कारण एमएसएच२ शिवाय एमएसएच६ टिकत नाही. जोडी म्हणतात ती अशी. साक्षीचा मेळ बसला.

शिवणकाम करणारी बाई

एमएलएच१ नसते तेव्हा बहुधा ते जनुक त्या गाठीपुरतेच गप्प झालेले असते. एमएसएच२ नसते तेव्हा दोष वारशाने आला असण्याचा संशय बराच वाढतो. काकांच्या रक्ताच्या तपासणीत तो खराही ठरला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. दोष असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही, पण आतड्याच्या आणि स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो.

आमचे आजोबा सेहेचाळिसाव्या वर्षी 'पोटाच्या दुखण्याने' गेले. आत्या गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. गावात कोणी म्हणाले घराण्याला दोष आहे, कोणी म्हणाले देवाचे काहीतरी राहून गेले आहे, कौल लावून पाहा. त्या लोकांना मी हसत नाही. काहीतरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हे त्यांना दिसत होते. अमेरिकेत मिशिगन येथे १८९५ साली शिवणकाम करणाऱ्या पॉलीन ग्रॉस नावाच्या बाईने डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना हेच सांगितले होते : आमच्या घरात माणसे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या रोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद करून ती १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे १९६६ साली डॉ. हेन्री लिंच यांनी अशी आणखी घराणी मांडली. पॉलीनच्या घराण्यातील दोष २००० साली सापडला तो एमएसएच२ मध्येच.

तिला जे नुसते भाकीत होते, ते आज टाळण्यासारखे संकट झाले आहे. दोष असलेल्यांनी एक-दोन वर्षांच्या अंतराने आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेतली तर गाठी कर्करोग होण्यापूर्वीच काढता येतात. रोग पसरलाच तर दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींवर चालणारी नवी उपचारपद्धतीही आहे. चुकांनी भरलेली ती पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना परकी वाटते. औषध त्यांच्यावरील लगाम सैल करते. असे एक औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाले ते गाठ कोणत्या अवयवाची हे न पाहता, दुरुस्ती बंद आहे एवढे पाहून.

बाबांची तपासणी करून घेण्याची तयारी नव्हती. "आहे असे कळले तर रात्री झोप कशी लागेल?" असे ते म्हणत. मी पट्टी-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर आजोबा, आत्या, काका यांची झाडासारखी आकृती काढली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि माझ्या नावाखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. दुसऱ्या आठवड्यात ते रक्त देऊन आले. दोष त्यांच्यातही निघाला. दुर्बिणीच्या तपासणीत दोन लहान गाठी सापडल्या, त्याच बैठकीत काढल्या, आणि त्या साध्या निघाल्या. आता बाबा झोपतात. त्यांना पुढची तारीख ठाऊक आहे.

माझे रक्त गेल्या सुट्टीत दिले. चोर्ला घाटातून बेळगावकडे परतताना खिडकीशी बसून मी निम्म्या शक्यतेचा विचार करीत होते. हा लेख छापखान्यात जाईपर्यंत अहवाल आलेला नसेल. तो कसाही येवो. त्यात 'सांगता येत नाही, पुन्हा तपासा' असे लिहिलेले असेल, तर मी रागावणार नाही.

वाचकांना एकच विनंती. या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी कोणत्या आजाराने आणि कितव्या वर्षी गेली ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. 'पोटाचे दुखणे' एवढ्यावर थांबू नका. जाणत्या माणसाला खोदून विचारा. तीन पिढ्यांची ती नोंद डॉक्टरांच्या हाती पडली, तर कोणती तपासणी करावयाची हे त्यांना लवकर कळेल. आणि जी माहिती मिळाली नाही, तिच्यापुढे 'नाही' लिहू नका. 'माहीत नाही' असे लिहा. या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे आम्ही एका काचपट्टीवर पाहिले आहे.